उत्पादन विकास संघांतील सजगता

उत्पादन विकास संघांतील सजगता म्हणजे नवे उत्पादन ठरलेल्या मुदतीत घडवणाऱ्या गटाने कामाच्या ओघातच श्वास, शरीरातील संवेदना आणि मनात उठणारे विचार यांकडे चांगले-वाईट न ठरवता लक्ष देण्याचा केलेला नियमित सराव होय. संगणक प्रणाली, वाहन, औषध किंवा वैद्यकीय चाचणी संच तयार करणाऱ्या अभियंत्यांच्या व संशोधकांच्या गटांत हा सराव विशेषतः आढळतो. त्याचे मूळ बौद्ध साधनापरंपरेत आहे. वैद्यकीय क्षेत्रात त्याचा धर्मनिरपेक्ष स्वरूपातील वापर १९७९ पासून आणि मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांतील वापर साधारणतः २००७ पासून सुरू झाला.

महाराष्ट्रात या सरावाचे दोन प्रवाह दिसतात. पहिला इगतपुरीहून पसरलेल्या विपश्यनेचा. दुसरा पुणे-मुंबईतील कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागांमार्फत आलेल्या, अमेरिकेत घडलेल्या अल्पकालीन अभ्यासक्रमांचा व मोबाइल ॲपचा. दोघांना सरसकट एकच नाव दिले जाते; परंतु उद्दिष्ट, कालावधी आणि पैशाचा व्यवहार या तिन्ही बाबतींत ते भिन्न आहेत.

संज्ञा

पाली भाषेतील ‘सति’ आणि संस्कृतातील ‘स्मृती’ या शब्दांसाठी मराठीत ‘सजगता’ हा शब्द रूढ झाला आहे. इंग्रजीतील ‘माइंडफुलनेस’ हा प्रतिशब्द पाली ग्रंथांचे अभ्यासक थॉमस विल्यम ऱ्हिस डेव्हिड्स यांनी १८८१ मध्ये वापरला व तोच पुढे स्थिरावला. ‘स्मृती’ या शब्दातील आठवणीची छटा येथे महत्त्वाची आहे. लक्ष भरकटले आहे याची आठवण होणे आणि ते परत आणणे, हीच या सरावाची मूळ क्रिया आहे. बोलीतील ‘भान’ हा शब्द या अर्थाच्या बराच जवळ जातो. ज्ञानेश्वरीत श्रोत्यांकडे वारंवार मागितलेले ‘अवधान’ही त्याच कुळातले. कार्यालयांत मात्र ‘माइंडफुलनेस’ हाच शब्द बोलला जातो.

सजगता आणि एकाग्रता यांत गल्लत होते. सलग चार तास संगणकापुढे बसलेला अभियंता पूर्णपणे एकाग्र असू शकतो. त्याच वेळी मान आखडली आहे, दुपारचे जेवण राहिले आहे आणि शेजारचा सहकारी दोनदा प्रश्न विचारून गेला आहे, हे त्याच्या ध्यानीही नसते. त्याला एकाग्रता साधली, सजगता साधली नाही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

विदर्भाच्या दृष्टीने या परंपरेचा एक धागा वाशीमपर्यंत जातो. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटक घराण्याच्या एका शाखेची राजधानी. या शाखेचा राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे खोदवून बौद्ध भिक्षुसंघाला अर्पण केले; तसा शिलालेख तेथे आहे. भिक्षूंच्या निवासासाठी व साधनेसाठी असलेले हे विहार स्वतः किती घाईत घडले, याविषयी कलेतिहासकार वॉल्टर स्पिंक यांचे मत प्रसिद्ध आहे. हरिषेणाच्या मृत्यूनंतर आश्रय संपण्याच्या भीतीने दात्यांनी उरलेली कामे अर्धवट सोडून निदान बुद्धमूर्ती पूर्ण करून घेण्याची धडपड केली, असे ते मांडतात. सर्व अभ्यासकांना त्यांचा कालक्रम मान्य नाही.

आधुनिक काळात विपश्यनेचा प्रसार ब्रह्मदेशातून झाला आणि त्याचे एक महत्त्वाचे केंद्र चक्क सरकारी लेखा कार्यालय होते. सयाजी ऊ बा खिन हे स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते. आपल्या कार्यालयातील कर्मचाऱ्यांना त्यांनी विपश्यना शिकवली, १९५२ मध्ये रंगून येथे आंतरराष्ट्रीय साधना केंद्र स्थापन केले आणि एकाच वेळी अनेक शासकीय खात्यांची जबाबदारीही सांभाळली. कामाच्या ठिकाणी ध्यान ही कल्पना कॅलिफोर्नियात जन्मली, असे अनेक लेखांत लिहिलेले आढळते. ऊ बा खिन यांचे उदाहरण त्यापूर्वीचे आहे.

त्यांचे शिष्य सत्यनारायण गोयंका (१९२४–२०१३) हे मंडाले येथे जन्मलेले उद्योजक होते. तीव्र अर्धशिशीवर उपाय शोधत ते १९५५ मध्ये ऊ बा खिन यांच्याकडे गेले. १९६९ मध्ये ते भारतात आले आणि त्याच वर्षीच्या जुलैत मुंबईत त्यांनी पहिले शिबिर घेतले. १९७६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी येथे धम्मगिरी हे केंद्र सुरू झाले. पुढे राज्यात अनेक केंद्रे उभी राहिली. पुण्याजवळ मरकळ येथे, नागपूर परिसरात, तसेच वाशीम जिल्हा ज्यातून १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला त्या अकोला जिल्ह्यात तेल्हाऱ्याजवळ. महाराष्ट्र शासनाने आपल्या अधिकारी-कर्मचाऱ्यांना विपश्यना शिबिरासाठी रजेची सवलत दिली आणि शालेय शिक्षण विभागाने ‘मित्र उपक्रम’ या नावाने विद्यार्थ्यांसाठी आनापानाचा सराव आणला. त्यामुळे आज पुण्यात नोकरी करणाऱ्या काही तरुणांना आनापान शाळेपासूनच परिचित आहे.

अमेरिकेतील प्रवाहाचा आरंभ जॉन कबात-झिन यांच्यापासून होतो. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी १९७९ मध्ये दीर्घकालीन वेदनांच्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला व त्यातून धार्मिक परिभाषा वगळली. गूगल कंपनीत चेड-मेंग टॅन या अभियंत्याने २००७ मध्ये ‘सर्च इनसाइड युअरसेल्फ’ हा अंतर्गत अभ्यासक्रम सुरू केला. हेडस्पेस (२०१०) आणि काम (२०१२) या ॲपनी पुढे तोच सराव दहा-दहा मिनिटांच्या ध्वनिफितींत बसवला.

उत्पादन विकासातील ताण

उत्पादन विकासाचे काम नेहमीच्या कारखानदारीपेक्षा वेगळा ताण निर्माण करते. कारखान्यात काय बनवायचे ते ठरलेले असते. विकास संघाला उत्तर माहीत नसलेल्या प्रश्नाला मुदत लावून दिलेली असते, आणि उत्तर सापडायला किती वेळ लागेल याचा अंदाजही त्यालाच द्यावा लागतो. तो अंदाज पुढे वचन समजला जातो.

महाराष्ट्रात अशा कामाचे मुख्य केंद्र पुणे व पिंपरी-चिंचवड परिसर आहे. हिंजवडीचे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान, टाटा मोटर्सचे अभियांत्रिकी संशोधन केंद्र, वाहन उद्योगाची संशोधन संस्था एआरएआय आणि चाकणच्या वाहन कंपन्या ही त्यांतील काही ठिकाणे. १९९० मध्ये आनंद देशपांडे यांनी स्थापन केलेली पर्सिस्टंट सिस्टिम्स ही कंपनी इतर कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर उत्पादने विकसित करण्याच्या कामातूनच वाढली. वाशीम जिल्हा सोयाबीन, तूर व कापूस पिकवणारा, केंद्र शासनाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतील आहे. तेथे असा उद्योग नाही. रिसोड, कारंजा, मंगरूळपीर या तालुक्यांतून अभियांत्रिकी शिकलेल्यांना कामासाठी पुण्याची वाट धरावी लागते. घरचा पहिलाच पगारदार असणे, गावाकडे शेतीचे कर्ज असणे आणि नोकरी गेली तर परतण्यासारखे काही नसणे, ही अशा तरुणाच्या ताणाची बाजू कंपनीच्या पाहणी अर्जात येत नाही.

मुदतीच्या दडपणाची दोन उदाहरणे अलीकडची आहेत. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने भारत स्टेज ५ हा टप्पा वगळून १ एप्रिल २०२० पासून थेट भारत स्टेज ६ ची उत्सर्जन मानके लागू करण्याचे जाहीर केले. इंजिन विकास करणाऱ्या संघांना दोन टप्प्यांचे काम चार वर्षांत उरकावे लागले. दुसरे उदाहरण पुण्याच्या मायलॅब कंपनीचे. विषाणुतज्ज्ञ मीनल दाखवे-भोसले यांच्या नेतृत्वाखालील संघाने कोविड-१९ चा पहिला भारतीय आरटी-पीसीआर चाचणी संच सुमारे सहा आठवड्यांत तयार केला. एरवी अशा कामाला तीन-चार महिने लागतात. १८ मार्च २०२० रोजी संच तपासणीसाठी राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे सोपवण्यात आला आणि त्यानंतर लगेचच त्यांची प्रसूती झाली. या घटनेचा गौरव सर्वत्र झाला. महासाथीत ते योग्यही होते. पण असाच वेग दर तिमाहीला अपेक्षिणारे व्यवस्थापन अशी उदाहरणे सोयीने वापरते.

सॉफ्टवेअर संघांत कामाचे सामान्यतः दोन आठवड्यांचे ‘स्प्रिंट’ असतात. रोज सकाळी उभ्याने होणारी छोटी बैठक, शेवटी प्रात्यक्षिक आणि मागे वळून पाहण्याची ‘रेट्रोस्पेक्टिव्ह’ बैठक असा क्रम असतो. ग्राहक अमेरिकेत असल्यास भारतीय वेळ तेथील पूर्व किनाऱ्याच्या साडेनऊ ते साडेदहा तास आणि पश्चिम किनाऱ्याच्या साडेबारा ते साडेतेरा तास पुढे असते. त्यामुळे संध्याकाळचे जेवण आणि ग्राहकाची सकाळ एकाच वेळी येतात. ‘ऑन-कॉल’ पाळीत रात्री दोनला फोन वाजला की उठावे लागते. वाजला नाही तरी तो वाजेल या अपेक्षेने झोप उथळ राहते. २०२०-२१ मध्ये अनेकांनी गावाकडून घरून काम केले, तेव्हा कामाची वेळ आणि घरची वेळ यांतील उरलीसुरली सीमाही पुसली गेली.

सरावाचे स्वरूप

आनापान, म्हणजे नैसर्गिक श्वासाकडे पाहणे, हा दोन्ही प्रवाहांचा समान पाया आहे. साधक श्वास लांबवत नाही वा रोखत नाही. या बाबतीत तो प्राणायामाहून वेगळा आहे. नाकपुड्यांशी श्वास येतो-जातो तेवढे जाणायचे, लक्ष गेले की परत आणायचे. नवख्याला पहिल्या मिनिटातच आठ-दहा वेळा परत यावे लागते. त्यात चुकीचे काही नाही, कारण परत येणे हाच व्यायाम आहे.

विपश्यनेचे प्राथमिक शिबिर दहा दिवसांचे निवासी असते. पहाटे चारला उठणे, आर्यमौन, फोन व लेखन-वाचन पूर्ण बंद. पहिले साडेतीन दिवस आनापान, नंतर सर्व शरीरातील संवेदनांचे समतेने निरीक्षण आणि दहाव्या दिवशी मंगलमैत्री. शुल्क घेतले जात नाही. खर्च पूर्वी शिबिर केलेल्यांच्या दानातून भागतो. उद्योगातील व शासनातील अधिकाऱ्यांसाठी स्वतंत्र शिबिरेही होतात. मात्र शिबिर संघासाठी नसून व्यक्तीसाठी असते आणि ते संपल्यावर सोमवारी ती व्यक्ती त्याच बैठकीत परत जाते. अडचण खरी तिथे सुरू होते.

म्हणून संघपातळीवरील सराव छोट्या कृतींत विभागला जातो. बैठकीच्या आरंभी एक-दोन मिनिटे शांत बसणे ही सर्वांत प्रचलित पद्धत आहे. ती टिकते तेव्हा साध्या कारणाने टिकते: आधीच्या बैठकीतून धावत आलेल्यांना त्या बैठकीतून मनाने बाहेर पडायला वेळ मिळतो. सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये मांडलेल्या संशोधनानुसार एक काम अपुरे सोडून दुसऱ्याकडे वळल्यास लक्षाचा काही अंश पहिल्यातच अडकून राहतो आणि दुसऱ्या कामाची गुणवत्ता घसरते. सतत चमकणाऱ्या चॅट संदेशांमुळे हे दिवसभर चालते. त्यामुळे ठरावीक तासांना सूचना बंद ठेवणे आणि एका वेळी एकच काम हाती घेणे, हे ध्यानाइतकेच या सरावाचे अंग मानले जाते.

दुसरी कृती ऐकण्याची. सहकारी बोलत असताना उत्तराची जुळवाजुळव न करता तो संपेपर्यंत ऐकणे; मग त्याचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगून तो होकार देईपर्यंत थांबणे. संकेतांची तपासणी, म्हणजे ‘कोड रिव्ह्यू’, हा तर या सरावाचा कसोटीचा प्रसंग. ‘हे असे का लिहिले?’ हा लेखी प्रश्न वाचणाऱ्याला जिज्ञासा वाटेल की अपमान, हे बरेचदा त्याच्या मनःस्थितीवर ठरते. छाती आवळली, कान तापले हे उत्तर टंकण्यापूर्वी ओळखणे आणि तीन श्वास थांबणे एवढेच येथे अपेक्षित असते. राग गिळून टाका असे त्यात सांगितलेले नाही. प्रश्न खरोखरच उद्धट असेल, तर शांतपणे तसे म्हणण्याला हा सराव आडकाठी करत नाही.

बिघाडानंतरच्या चौकशीत सजगतेचा उपयोग सर्वाधिक असल्याचे या क्षेत्रात मानले जाते. दोष न ठेवता घटनाक्रम मांडण्याची पद्धत एट्सी कंपनीचे जॉन ऑलस्पॉ यांनी २०१२ मध्ये मांडली व ती पुढे पुष्कळ ठिकाणी स्वीकारली गेली. कोणी चूक केली यापेक्षा त्या क्षणी त्या व्यक्तीला पडद्यावर काय दिसत होते, हे विचारले जाते. निरीक्षण आणि निवाडा वेगळे ठेवण्याची सवय नसेल तर अशी बैठक पंधरा मिनिटांत जुन्याच वळणावर जाते.

परिणामांविषयी संशोधन

या विषयावरील दावे पुराव्यापेक्षा बरेच पुढे गेलेले आहेत. २०१४ मध्ये जामा इंटर्नल मेडिसिन या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात ४७ चाचण्या व ३,५१५ सहभागींचा विचार झाला. चिंता, नैराश्य व वेदना यांत सजगता कार्यक्रमांमुळे थोडी सुधारणा होत असल्याचा मध्यम दर्जाचा पुरावा आढळला. ताण व जीवनमानाबाबत पुरावा कमकुवत होता. व्यायाम वा औषध यांसारख्या सक्रिय उपचारांपेक्षा ध्यान सरस असल्याचे दिसले नाही.

कामाच्या प्रेरणेबाबतचा निष्कर्ष व्यवस्थापकांना अनपेक्षित वाटेल. अँड्र्यू हाफेनब्राक व कॅथलीन व्होस यांच्या २०१८ च्या प्रयोगांत ध्यानानंतर समोरचे काम करण्याची इच्छा कमी झाली, तरी कामाचा दर्जा घसरला नाही. ऑक्सफर्डचे विल्यम फ्लेमिंग यांनी २०२४ मध्ये ब्रिटनमधील २३३ संस्थांतील ४६,३३६ कर्मचाऱ्यांच्या माहितीचे विश्लेषण केले. सजगता, ॲप, ताण-व्यवस्थापन अशा वैयक्तिक पातळीवरील कार्यक्रमांत भाग घेणारे कर्मचारी न घेणाऱ्यांपेक्षा अधिक सुस्थितीत असल्याचे त्यांना आढळले नाही. ही एका वेळची पाहणी असल्याने कार्यकारणभाव तिच्यावरून ठामपणे काढता येत नाही, पण तिची व्याप्ती मोठी आहे.

टीका

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कामामुळे येणाऱ्या थकव्याची, म्हणजे ‘बर्नआउट’ची, व्याख्या करताना त्याला व्यक्तीचा आजार न म्हणता कामाशी संबंधित घटना म्हटले, कामाच्या ठिकाणचा, नीट न हाताळलेला दीर्घकालीन ताण हे त्याचे कारण मानले. रोनाल्ड पर्सर यांनी ‘मॅकमाइंडफुलनेस’ (२०१९) या पुस्तकात याच धाग्यावर टीका केली आहे: कंपनी ताण निर्माण करते आणि तो सहन करण्याची जबाबदारी ध्यानाच्या नावाने कर्मचाऱ्यावर टाकते.

महाराष्ट्रात हा वाद नवा नाही. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर विदर्भात बौद्ध समाज मोठा आहे. वाशीम जिल्ह्यातही तो लक्षणीय आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात धम्माचा सामाजिक व नैतिक आशय पुढे आणला. त्या आधारे आंबेडकरी चळवळीतील काही विचारवंतांनी विपश्यना माणसाला अंतर्मुख करून अन्यायाच्या प्रश्नापासून दूर नेते, अशी टीका केली आहे. विपश्यना करणाऱ्या आंबेडकरी साधकांना ती मान्य नाही. मन स्थिर असलेला माणूसच संघर्ष दीर्घकाळ चालवू शकतो, असे त्यांचे म्हणणे. कंपन्यांतील ध्यानवर्गाविषयीची आजची चर्चा जवळपास याच दोन बाजूंनी चालते, फक्त तिला या आधीच्या वादाची ओळख नसते.

कामाच्या तासांचा प्रश्न ध्यानाने सुटत नाही, तो कायद्याचा आहे. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ मध्ये दिवसाला ९ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घालण्यात आली. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दैनिक मर्यादा १० तास करण्यास मंजुरी दिली. कार्यालयीन वेळेनंतर फोन वा ईमेलला उत्तर न देण्याचा हक्क देणारे खासगी विधेयक बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८ मध्ये लोकसभेत मांडले; त्याचा कायदा झाला नाही. २०२४ मध्ये पुण्यातील एका २६ वर्षीय सनदी लेखापाल तरुणीच्या मृत्यूनंतर तिच्या आईने कंपनीला लिहिलेले पत्र प्रसिद्ध झाले आणि कामाच्या अतिताणाचा विषय देशभर चर्चेत आला.

दक्षता

ध्यानवर्गाची सक्ती ही स्वतःच ताणाचे कारण ठरते. विशेषतः हजेरी वरिष्ठांना दिसत असेल, किंवा कर्मचाऱ्याच्या श्रद्धेशी वर्गाची भाषा विसंगत असेल तेव्हा. डोळे मिटून बसणे सर्वांनाच सुखद नसते. ब्राउन विद्यापीठातील जॅरेड लिंडाल व विलोबी ब्रिटन यांच्या २०१७ च्या अभ्यासात काही साधकांना भीती, निद्रानाश किंवा स्वतःपासून तुटल्याची भावना अनुभवास आल्याचे नोंदले आहे. गंभीर मानसिक विकार असणाऱ्यांनी दहा दिवसांच्या शिबिरास येऊ नये, असे विपश्यना केंद्रेही प्रवेश अर्जातच सुचवतात. सतत झोप न येणे, अन्नावरची वासना जाणे किंवा जगणे नकोसे वाटणे ही लक्षणे असल्यास ध्यानवर्ग हा उपचाराचा पर्याय नाही. वैद्यकीय सल्ल्यासाठी केंद्र शासनाची टेली-मानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर उपलब्ध असून तिच्यावर मराठीतूनही बोलता येते.